काळं पडलं म्हणजे कुजलं नव्हे! माडीच्या फळ्या, दारं, खांब घरच्या घरी असे करा साफ

सातारा : भाताची मळणी उरकली, दिवाळी झाली की पाटण, जावळी, महाबळेश्वर, वाई या पट्ट्यातल्या गावांतून जुनं लाकूड घेणाऱ्यांचे टेम्पो फिरताना दिसतात. माडीच्या गॅलरीच्या फळ्या, पुढचं दार, सोप्याचे खांब, झोपाळा, त्यांना सगळं चालतं. पावसाळा नुकताच सरलेला असतो. लाकूड काळं ठिक्कर, कुठं हिरवं शेवाळ, कुठं पांढरी बुरशी. घेणारा नखानं टोकरून बघतो आणि सांगतो की सगळं कुजलंय, जळणाचा भाव मिळेल. घरात म्हातारा-म्हातारी दोघंच, पोरं पुण्या-मुंबईला. व्यवहार उभ्या उभ्या होऊन जातो.

तेच लाकूड पुढं रंधा मारून, तेल-पॉलिश करून शहरातल्या हॉटेलात नाहीतर फार्महाऊसवर बसतं. म्हणजे ते कुजलं नव्हतंच, वरून काळं पडलं होतं. विकायचं की ठेवायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण आपल्याकडं काय आहे ते कळल्याशिवाय विकू नये. आणि ठेवायचं ठरलं तर साफसफाई आणि तेलपाणी घरच्या घरी जमण्यासारखं काम आहे. एका गॅलरीला आणि एका दाराला मधले वाळवायचे दिवस धरून साधारण पंधरा दिवस जातात. त्यात हात लावायचं काम चार-पाच दिवसांचंच.

काळं का पडतं?

लाकूड म्हणजे बारीक धागे, आणि ते धागे एकमेकांना धरून ठेवणारा एक चिकट पदार्थ. त्याला लिग्निन म्हणतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या थरातलं लिग्निन फुटतं आणि पाऊस ते धुऊन नेतो. मागं सुटे राखाडी धागे राहतात. त्यात धूळ बसते, ओल थांबते, बुरशी धरते आणि काळा रंग चढतो. हा खराब थर बहुतेक वेळा पुठ्ठ्याएवढाच जाड असतो. त्याच्या खाली सागाचा पिवळसर तपकिरी गाभा जसाच्या तसा असतो.

आपल्या जिल्ह्यात लाकडाला दोन वेगळे शत्रू आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर माणमध्ये पाचशेच्या आसपास. पश्चिमेकडं लाकूड ओलीनं आणि बुरशीनं काळं होतं. माण-खटावच्या माळवदाच्या घरांत ते उन्हानं राखाडी होतं, चिरतं, उभ्या भेगा पडतात. पश्चिमेला धुण्यावर आणि वाळवण्यावर जोर द्यायचा, पूर्वेला तेल पाजण्यावर.

नीट जपलेलं लाकूड किती टिकतं हे बघायला लांब जायला नको. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा दोनशे वर्षांहून जास्त काळ उभा आहे. 'स्वदेस' सिनेमात तो परिसर अनेकांनी पाहिलाय.

आधी दाभण, मग ब्रश

पोती शिवायची दाभण प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असते. ती घ्या आणि लाकडात जोर लावून टोचा. टोक थोडं शिरून अडलं, बाहेर काढताना धरून बसलं, तर लाकूड निरोगी. लोण्यात शिरावी तशी अर्धा इंच आत गेली, भुगा निघाला, तर तिथं कुज आहे. पटाशीनं कोपऱ्यात एक इंच खरवडून बघा. आतून तेलकट तपकिरी रंग आणि चामड्यासारखा सागाचा वास आला की निम्मी काळजी मिटली.

दाभण कुठं टोचायची हे महत्त्वाचं. फळीच्या मधोमध टोचून उपयोग नाही, तिथं ती शेवटी कुजते. फळ्यांची कापलेली टोकं, खिळ्यांच्या भोवतीची जागा, चौकटीचा जमिनीलगतचा वीतभर भाग, उंबऱ्याची खालची बाजू, आणि तुळई किंवा कडी जिथं भिंतीत शिरते तो भाग, या जागा आधी बघा. भिंत ओल ओढते आणि तुळईचं डोकं आतल्या आत कुजतं. बाहेरून पत्ता लागत नाही. गॅलरीवर चालताना फळी लवते, खालून कडी वाकलेली दिसते, किंवा भिंतीतलं टोक दाभणीला मऊ लागतं, असं असेल तर साफसफाईचा विचार सोडा आणि मिस्त्रीला बोलवा. तोपर्यंत वर चार माणसांनी जाऊ नये, धान्याची पोतीही ठेवू नयेत.

खांबाची एक गोष्ट जुन्या माणसांना पक्की माहीत होती. खांब कधी जमिनीत गाडत नसत, दगडी तळखड्यावर उभा करत. दगडावर पाणी साठत नाही आणि जमिनीची ओल लाकडाला लागत नाही. आता सोप्यात फरशी घालताना चार-सहा इंच भर टाकतात आणि तळखडा त्यात बुडून जातो. खांबाच्या बुडाला सिमेंट लागतं. फरशी धुतली की पाणी खांबालगत मुरतं आणि शंभर वर्षं टिकलेला खांब दहा-पंधरा वर्षांत बुडातून पोकळ होतो. फरशी झालेली असेल तर खांबाभोवतीचं सिमेंट बोटभर रुंद फोडून मोकळं करावं. फरशी व्हायची असेल तर गवंड्याला आधीच बजावून ठेवावं.

दाभणीच्या फेरीत वाळवीची मातीची नळी दिसली किंवा बारीक भोकांतून पिठासारखा भुसा गळताना दिसला तर आधी त्याचा बंदोबस्त. सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही, पण त्याच्या कडेचा पांढरट भाग आणि आंबा, सावर असली हलकी लाकडं ती आवडीनं खाते. शेतातलं उरलेलं कीटकनाशक अंदाजानं दारावर मारू नका. दाराला, खांबाला घरातली लहान पोरं दिवसभर हात लावतात.

धुणं : इथंच जास्त नुकसान होतं

गावात आता सगळ्यांकडं फवारणीचा एचटीपी पंप आहे. ट्रॅक्टर धुवायला, गोठा धुवायला तोच, मग गॅलरी धुवायलाही तोच काढतात. पाच मिनिटांत काळं निघून फळी पांढरी दिसते आणि बघणारा खूश होतो. पण त्या जोराच्या धारेनं धाग्यांमधला मऊ भाग उडून जातो, फळी खरबरीत दाढीसारखी होते आणि पाणी खोलवर शिरतं. पुढच्या पावसात तीच फळी आधीपेक्षा जास्त काळी पडते. वर टाकीत तणनाशकाचा अंश राहिलेला असेल तर तो घरभर. पंप लांबच ठेवा. पाइपनं साधं पाणी सोडलं तरी भरपूर झालं.

दुसरी चूक म्हणजे लोखंडी तारेचा ब्रश, किंवा ग्राइंडरला लावलेलं वायर व्हील. लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे कण लाकडात अडकतात. सागात टॅनिन असतं. लोखंड, टॅनिन आणि पाणी एकत्र आले की शाईसारखा काळा रंग तयार होतो. जुन्या खिळ्यांभोवती काळं वर्तुळ दिसतं ते याच कारणानं. काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश वापरा.

पद्धत साधी आहे. दहा लिटर कोमट पाण्यात मूठ-दीड मूठ, म्हणजे शंभर-दीडशे ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडी कपड्याची पावडर. खायचा सोडा नव्हे, धुण्याचा. हातात रबरी मोजे घाला. आधी लाकूड साध्या पाण्यानं ओलं करा, मग हे पाणी लावून दहा मिनिटं थांबा आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनं घासा. आडवं घासलं तर ओरखडे राहतात आणि तेल लावल्यावर ते उठून दिसतात. माजघरातल्या कडीपाटावर चुलीची काजळी असेल तर पाणी लावायच्या आधी कोरड्या कुंच्यानं जेवढी निघेल तेवढी काढा. नाहीतर काजळी ओली होऊन लाकडात मुरते आणि भिंतीवर काळे ओघळ येतात.

फळ्यांच्या मधल्या फटी विसरू नका. गॅलरीत त्या फटी पाणी खाली जावं म्हणूनच ठेवलेल्या असतात. त्यात माती, पाला, उंदरांनी नेलेलं धान्य अडकून पाणी तुंबतं आणि फळीची कड कुजायला सुरुवात होते. जुनी विळी किंवा पत्र्याची पट्टी घालून त्या मोकळ्या करा.

सोड्यानं धुतल्यावर साग आणखी गडद दिसतो. घाबरू नका, सोड्यात तो गडद होतोच. तो उजळायला आणि खिळ्याचे काळे डाग काढायला रंगाच्या दुकानात ऑक्झॅलिक ॲसिड मिळतं. एक लिटर गरम पाण्यात चाळीस-पन्नास ग्रॅम, प्लॅस्टिकच्या बादलीत. ब्रशनं लावायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि दोन-तीन वेळा भरपूर पाण्यानं धुवायचं. डाग समोर फिका होताना दिसतो.

मात्र हे विष आहे. दिसायला अगदी साखरेसारखं असतं, म्हणून ते स्वयंपाकघरात किंवा रिकाम्या चहा-साखरेच्या डब्यात कधीही ठेवू नका. मोजे, चष्मा, तोंडाला मास्क हवाच. वाळलेली पावडर उडून नाका-घशात गेली तरी आग होते. काम चालू असताना कोंबड्या, कुत्री, जनावरं बांधून ठेवा, आणि धुतलेलं पाणी त्यांच्या पिण्याच्या डोणीकडं वाहू देऊ नका. खाली शहाबादी फरशी असेल तर ती झाका, कारण तो चुनखडीचा दगड आहे आणि ॲसिडनं त्याची चमक जाते. एवढी जोखीम नको वाटत असेल तर लिंबूसत्व वापरून बघा. ते सौम्य आहे, जुने डाग पूर्ण जात नाहीत, पण फरक पडतो.

ब्लीचिंग पावडर आणि कुठलंही ॲसिड एकत्र करू नका, एका पाठोपाठ एकसुद्धा लावू नका. संडास साफ करायचं ॲसिडही त्यातच आलं. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद माजघरात तो जिवावर बेतू शकतो.

जुना ऑइलपेंट असेल तर थांबा

पुष्कळ घरांत सागाच्या दारावर हिरवा, निळा, तपकिरी ऑइलपेंटचे थरावर थर आहेत. लग्नकार्य आलं की एक हात मारायचा, असं चालत आलंय. हा रंग काढताना मोठा धोका शिशाचा आहे. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या आत असावं हा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या छटांत, शिसं बरंच असू शकतं. कोरडा पॉलिश पेपर मारला की ते धुळीबरोबर घरभर पसरतं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसं मारक असतं आणि गरोदर बाईलाही त्यापासून धोका असतो.

म्हणून जुना रंग कोरडा घासू नका आणि ब्लोलॅम्प लावून जाळूही नका, त्याचा धूर आणखी वाईट. दार चौकटीतून काढून अंगणात न्या, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरा, रंग पाण्यानं ओला ठेवत पत्र्याच्या खरवडणीनं काढा. पाण्यातला काळा पॉलिश पेपर मिळतो तो वापरा. कोरोनाच्या वेळचा एन-९५ मास्क घरात पडून असेल तर तो आता कामाला येईल. खरवडलेला चुरा पिशवीत बांधून टाका, उकिरड्यावर नको, कारण उकिरडा शेवटी शेतात जातो. हे काम चालू असताना पोरांना मामाच्या गावाला धाडलेलं बरं.

काही रंगारी कॉस्टिक लावून रंग काढतात. रंग झटकन निघतो हे खरं, पण कॉस्टिक लाकडाचे धागे सोडवतं, साग काळा पडतो आणि ते नीट धुतलं गेलं नाही तर वर लावलेलं काहीही टिकत नाही. चांगल्या दाराला कॉस्टिक लावू देऊ नये.

वाळवणं आणि घासणं

घाई इथं नडते. धुतल्यावर पश्चिमेकडच्या गावांत निदान आठवडा, माण-खटावला तीन-चार दिवस लाकूड वाऱ्यावर वाळू द्या. भर उन्हात दार टेकवून ठेवलं तर ते एका बाजूनं वाळून वाकतं. सावलीत, खाली दोन फळकुटं घालून आडवं ठेवा. वाळलं की नाही हे पाण्याच्या थेंबानं कळतं. थेंब टाकला आणि तो मिनिटाभरात शोषला गेला की लाकूड तेल प्यायला तयार आहे. थेंब तसाच बसून राहिला तर एक तर आत ओल आहे, नाहीतर जुनं पॉलिश शिल्लक आहे.

घासायच्या आधी वर आलेले खिळे आत ठोका. ढिले झालेले काढून त्या जागी स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी स्क्रू लावा. साध्या लोखंडी स्क्रूनं पुन्हा काळं वर्तुळ धरेल. पॉलिश पेपर ६० किंवा ८० नंबरपासून सुरू करा आणि १२० वर थांबा. घरातल्या टेबलासाठी १८०, २२० पर्यंत जातात, पण उन्हापावसातल्या लाकडाला काचेसारखं गुळगुळीत केलं तर तेल आत शिरत नाही. हातानं घासायचं तर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, बोटांनी दाबून घासलं की खड्डे पडतात. मशिन भाड्यानं मिळालं तर गॅलरी अर्ध्या दिवसात होते, पण कोरीवकामाला मशिन लावू नका. गणेशपट्टीवरची जुनी नक्षी एकदा सपाट झाली की परत येत नाही.

खूप झिजलेली फळी असेल तर ती उपटून उलटी करून बसवा. खालची बाजू ऊन-पावसापासून वाचलेली असते, बऱ्याचदा नव्यासारखी निघते. ही युक्ती जुने सुतार सर्रास वापरायचे.

भेगांचं म्हणाल तर बारीक भेगा सोडून द्या. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. भेग गच्च भरली तर शेजारी दुसरी पडते. पाणी साठेल एवढी मोठी भेग असेल तरच एम-सीलसारखं पाण्यात टिकणारं लावा. भुसा आणि फेविकॉलची लांबी घरातल्या लाकडाला ठीक, बाहेर एका पावसात निघते.

तेल कोणतं?

गावात सर्रास लावलं जातं ते ट्रॅक्टरचं जळकं ऑइल. फुकट मिळतं आणि लाकूड काळं कुळकुळीत दिसतं. पण ते कधीच वाळत नाही. कपड्यांना लागतं, हातांना लागतं, त्यात इंजिनातले धातूचे कण आणि कॅन्सरला कारण ठरणारी द्रव्यं असतात. शिवाय एकदा ते मुरलं की पुढं त्या लाकडावर तेल, पॉलिश, रंग काहीच धरत नाही. शेताच्या कुंपणाचे खांब आहेत म्हणून लावता, तिथंही ते मातीत उतरतं. घराला तर नकोच.

शेंगदाण्याचं, खोबऱ्याचं तेलही नको. ही तेलं वाळणारी नाहीत. चिकट राहतात, धूळ धरतात, मुंग्या येतात आणि पुढं खवट वास सुटतो. वाळणारं तेल म्हणजे जवसाचं. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते हळूहळू घट्ट होतं आणि लाकडाच्या धाग्यांत बसतं. पण घाण्यावरचं कच्चं जवसाचं तेल वाळायला कित्येक दिवस लागतात आणि तोवर दमट हवेत त्यावर बुरशीही धरते. म्हणून रंगाच्या दुकानातलं 'डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल' घ्या. त्यात लवकर वाळायची द्रव्यं घातलेली असतात, एक-दोन दिवसांत वाळतं. हे खायचं तेल नाही, बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

पहिला हात पातळ, तेल आणि टर्पेंटाइन निम्मं निम्मं. सकाळी दहाच्या आत किंवा ऊन उतरल्यावर लावा. तापलेल्या फळीवर तेल आत मुरायच्या आधी वरच घट्ट होतं. अर्ध्या तासानं जे तेल वर राहिलं असेल ते कापडानं पुसून घ्या. पुसायचा कंटाळा केला तर चिकट थर बसतो, मग महिनाभर कोणी गॅलरीत बसायचं नाही. एक-दोन दिवसांनी दुसरा हात, थोडं कमी टर्पेंटाइन घालून. जुनं तहानलेलं लाकूड तिसराही मागतं. लिटरभर तेलात शंभर चौरस फुटांचा एक हात होतो असा अंदाज धरा, फार कोरडं लाकूड जास्त पितं. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना मात्र पिईल तेवढं पाजा. पाणी तिथूनच आत जातं, कारण लाकडाच्या नळ्या तिथं उघड्या असतात.

नुसतं तेल ऊन अडवत नाही. ऊन अडवायला रंगाचा कण लागतो. दार, खांब यांच्यासाठी तेलात वस्त्रगाळ केलेला थोडा गेरू किंवा दुकानातला तपकिरी स्टेनर मिसळला तर लाकूड जास्त दिवस राखाडी पडत नाही. झोपाळ्याला, बसायच्या जागेला गेरू नको, धोतराला रंग लागेल.

व्हॉर्निशबद्दल पुष्कळ जण विचारतात. घरातल्या कपाटाला, पलंगाला चांगलं आहे. बाहेरच्या लाकडावर त्याची काचेसारखी पापडी बसते. एक-दोन उन्हाळ्यांत तिला तडे जातात, तड्यातून पाणी आत जातं आणि पापडीखाली अडकून लाकूड काळं करतं. मग सगळं खरवडून पहिल्यापासून. तेलाचं तसं नाही, फिकं पडलं की वरून आणखी एक हात, खरवडायचं काम नाही. लाखेचं स्पिरिट पॉलिशही आतच ठेवा, पाणी लागलं की ते पांढरं पडतं.

तेलाची चिंधी पेट घेते

ज्या कापडानं जवसाचं तेल लावलं किंवा पुसलं, ते चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता तयार होते. पसरलेल्या कापडातून ती निघून जाते, बोळा केलेल्या कापडात साठत जाते आणि काही तासांत, काडी न लावता, कापड आपोआप पेटू शकतं. ही ऐकीव गोष्ट नाही, जगभर सुतारांच्या दुकानांना अशा आगी लागल्यात. आपल्याकडं तर बोळा फेकला जातो तो गोठ्यात, कडब्याच्या गंजीशेजारी नाहीतर सरपणाच्या ढिगात. काम संपलं की प्रत्येक चिंधी मोकळ्या जागी, दगडावर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. तेल लागलेल्या भुशाचंही तेच करा. घरातल्या प्रत्येकाला हे आधी सांगून ठेवा, कारण आवराआवर करणारं माणूस बहुधा वेगळं असतं.

पुढं वर्षाकाठी किती काम?

पश्चिमेकडच्या तालुक्यांत दरवर्षी मृगाच्या आधी एकदा, माण-खटावला दोन वर्षांतून एकदा तेलाचा एक हात पुरतो. त्याआधी नुसतं ओल्या कापडानं पुसून वाळवायचं, घासायची गरज नसते. कधी लावायचं हे पुन्हा थेंबच सांगतो. पाणी मोत्यासारखं थांबलं तर तेल आहे, शोषलं गेलं तर संपलं.

पावसाळ्यात गॅलरीवर पागोळ्यांचं पाणी पडत असेल तर आधी कौलं किंवा पन्हळ सरळ करा, नाहीतर तेलावरचा खर्च वाया जातो. फुलझाडांच्या कुंड्या थेट फळीवर नकोत, खाली दोन विटा द्या. आणि दारात पाय पुसायला गोणपाट टाकायची सवय असेल तर ते रोज संध्याकाळी उचलून दांडीवर वाळत घाला. चार महिने ओलं गोणपाट एका जागी पडून राहिलं की त्याच्या खालची फळी हमखास कुजलेली निघते, बाकीची गॅलरी धडधाकट असली तरी.